राजदूतचा पुसट नंबर

ही गोष्ट मी स्वतः सांगतोय यात मोठेपणा काही नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या गोरेगावात ती सगळ्यांना माहीत आहे. मी नाही सांगितली तर शेजारचे कैलाश रहांगडाले सांगतील, आणि ते तिच्यात पोलिसांची गाडी घालतात. पोलिसांची गाडी आली नव्हती. बाकी जे झालं तेवढं लाजायला पुरेसं आहे.

मी पंचायत समितीत नोकरीला आहे. बावीस वर्षं लोकांचे अर्ज तपासतोय. सही फिकी असली, शिक्का तिरका पडला, झेरॉक्स काळी आली, की मी लाल पेनानं 'अस्पष्ट' असं लिहितो आणि अर्ज परत देतो. एकदा एका म्हातारीचा अर्ज तीन वेळा परत केला, कारण अंगठ्याच्या रेषा उमटत नव्हत्या. ती म्हणाली, "निंदन करू करू झिजला जी आंगठा." मी तिला सांगितलं की अंगठा झिजत नसतो, दाबायचा नीट असतो. हे मी त्या दिवशी घरी येऊन कौतुकानं सांगितलंसुद्धा होतं. एवढ्यावरून माझा स्वभाव कळावा.

तर माझ्या सासऱ्यांची, म्हणजे कवडू लंजे यांची एक राजदूत मोटरसायकल आहे, ब्याऐंशी सालची. तिचा आवाज ऐकून बाजार चौकातली कुत्रीसुद्धा उठत नाहीत, इतकी ती गावची आहे. यंदा त्यांना, म्हणजे मामाजींना, मोतीबिंदू झाला आणि त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "जवाई, आता तुमी चालवा. तुमच्या नावानं करून घ्या." मी मनात म्हटलं, दोन फॉर्म, दोन फोटो, एक सही, कागदाचं काम म्हणजे माझ्या घरचंच काम. आठ दिवसांत उरकतो असं मी ऑफिसात सांगूनही टाकलं.

पहिल्यांदा गाडी धुतली. हँडलच्या खाली, फ्रेमच्या मानेवर कुणीतरी ट्यूबची एक काळी पट्टी बांधून ठेवली होती आणि तिच्याखाली ग्रीसचा जाड लेप होता. असली घाण मला खपत नाही. पट्टी कापून फेकली, ग्रीस रॉकेलनं पुसून काढलं आणि गाडी घेऊन गोंदियाला परिवहन कार्यालयात गेलो.

तिथं पेन्सिल प्रिंट मागतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: त्या मानेवर कारखान्यात गाडीचा चेसिस नंबर ठोकलेला असतो. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासली की कागद काळा होतो आणि आकडे पांढरे उमटतात. लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून हेच करायचो. माझ्या कागदावर सुरुवातीला एक तीन उमटला, मग बराच ढगाळ प्रदेश, मग एक पाच, आणि शेवटी काहीतरी उभं.

तिथले साहेब वयानं माझ्या भाच्याएवढे, आणि दुर्दैवानं सभ्य. उद्धट असते तर मला रागावता तरी आलं असतं. त्यांनी कागद उजेडात धरला, मग स्वतः उठून येऊन गाडी पाहिली. "कापगतेजी, ये साफ नहीं आया. आरसी बुकात शेवटी सात आहे, इथं तर एक दिसून राहिला. फ्रेम वही है, ये मैं कैसे मान लूं? पुराना कोई प्रूफ हो तो लाइए. नहीं तो पोलीस ठाण्यातून लिहून आणावं लागेल." आणि त्यांनी माझ्या अर्जावर लाल पेनानं 'अस्पष्ट' असं लिहिलं. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. मागे रांगेत आमच्या तालुक्यातला एक सरपंच उभा होता, त्याचे दोन अर्ज मी परत केलेले. तो फक्त खोकला.

नंबर वाचायचा कसा, यावर शेजाऱ्यांनी सल्ले द्यायला सुरुवात केली. कैलाश रहांगडाले वीज मंडळातून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून त्यांना सगळंच येतं. ते म्हणाले, "पावडर भरा. आकड्याईत पावडर बसते, बाकीची पुसली का नंबर दिसते." पावडर भरली. गाडीला चांगला वास येऊ लागला. समोरच्या निर्मलाबाई म्हणाल्या, पावडर कोरडी असते, ती कशी टिकेल, तांदळाचं पीठ भिजवून भरा. तांदळाला आमच्याकडे तोटा नाही. पीठ भरलं आणि वाळायला ठेवलं. सकाळी पाहतो तर मुंग्यांची एक रांग चाकावरून चढून मानेपर्यंत गेलेली, आणि नंबर होता तेवढाही त्यांनी झाकलेला. मग चिंच झाली, त्यानं रंग गेला. मग खडू. मग कैलाशजींनी भिंग आणलं आणि माझ्या बायकोनं, पुष्पांजलीनं, विचारलं, "तुमी गाडी नावावर करून राहिले का तिची सोनोग्राफी करून राहिले?"

शेवटी बॅटरी तिरकी धरली तेव्हा आकडे थोडे उठून दिसले. शेवटचा आकडा चक्क एक होता. सात नव्हता. मी तीनदा पाहिलं, कैलाशजींनी चार वेळा पाहिलं. मग ते मागे सरकून, चष्मा कपाळावर नेऊन, हळू आवाजात म्हणाले, "कापगते, फ्रेम बदलली आहे."

माणूस दुखावलेला असला की त्याला शंका फार लवकर पटते. गाडी आयुष्यात एकाच मिस्त्रीकडे गेलेली: पुनारामकडे. पुनारामचं दुकान बस स्टँडच्या बाजूला, कडुनिंबाखाली. जुन्या गाड्या दुरुस्त करणारा तालुक्यात तो एकटा उरलाय. सहा वर्षांपूर्वी इंजिनाच्या कामासाठी राजदूत त्याच्याकडे चार महिने पडून होती. चार महिने! मी लगेच हिशेब जुळवला. चांगली फ्रेम काढली, कुठली तरी भंगारातली घातली आणि आमच्या भोळ्या मामाजींना चहा पाजत बसला. कारण मामाजींची आणि त्याची चाळीस वर्षांची दोस्ती. दर बाजाराला मामाजी त्याच्या बाकावर जाऊन बसत, दोघं एकमेकांशी फारसं न बोलता दोन तास घालवत आणि मामाजी घरी येत. त्या न बोलण्यातही मला आता कट दिसू लागला.

मी बाजाराच्या दिवशीच गेलो. एकट्यात विचारायला हवं होतं, हे मला आज कळतं. त्या दिवशी मला साक्षीदार हवे होते. दुकानासमोर पाच-सहा गिऱ्हाइकं, रस्त्यावर बाजाराची गर्दी, बाकावर मामाजी. मी स्टँडवर गाडी चढवली आणि मोठ्यानं म्हणालो, "पुनाराम, सदर गाडीची मूळ फ्रेम बदलण्यात आल्याचं निदर्शनास आलं आहे. गाडी तुमच्या ताब्यात असताना हे झालं. खुलासा करा." रागावलो की मी असाच बोलतो, ऑफिसातल्या भाषेत. घरीसुद्धा.

पुनारामच्या हातात स्पोक होता. त्यानं तो खाली ठेवला आणि हात पुसले. मग माझ्याकडे न बघता मामाजींकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मामाजी आपल्या चहाच्या ग्लासात पाहत होते. मग पुनाराम म्हणाला, "तुमाले तसं वाटते, तं तसंच असंल."

मी गर्दीकडे वळून पाहिलं, म्हणजे सगळ्यांनी ऐकलं ना याची खात्री करायला. ऐकलं होतं. ज्याची मोपेड दुकानात उघडी पडली होती, त्यानं वाकून तिची मान तपासायला सुरुवात केली. मामाजी उठले, अर्धा चहा तसाच ठेवला, आणि काठी टेकत निघून गेले. मला वाटलं, बिचाऱ्यांना धक्का बसला.

पुढच्या बाजाराला पुनारामच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्याच्या पुढच्या बाजाराला त्यानं दुपारीच शटर ओढलं. मामाजींचं बाजारात येणंच बंद झालं. आणि माझा मान वाढला. लोक रस्त्यात थांबवून विचारत, "साहेब, माह्या गाडीचाई नंबर पाहा न एकदा." मी बॅटरी घेऊन जात असे. एकाच्या गाडीत मला काहीच दोष सापडला नाही, तर तो नाराज झाला.

मग मी ठाण्यासाठी तक्रार लिहायला घेतली. तीन पानं झाली. विषय, संदर्भ, पार्श्वभूमी, नुकसान आणि पाचव्या मुद्द्यात मानसिक क्लेश. उद्या सकाळी देऊन येणार म्हणून टेबलावर ठेवली आणि अंघोळीला गेलो. बाहेर आलो तेव्हा पुष्पांजली ती वाचत उभी होती.

"पुनारामकाकाचं नाव लिवलं तुमी? ठान्यात?"

"नाव लिहिल्याशिवाय तक्रार नोंदत नाहीत."

तिनं कागद घडी करून आपल्या पर्समध्ये घातले आणि चप्पल घालून माहेरी निघून गेली. माहेर म्हणजे चार गल्ल्या पलीकडे. तासाभरानं ती परत आली तेव्हा सोबत मामाजी होते आणि सासूबाई होत्या.

इथं एक सांगितलं पाहिजे. आमच्या सासूबाई, रुख्माबाई, जुन्या चालीच्या. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण त्या माझ्याशी थेट बोलत नाहीत. मी समोर असलो की डोक्यावर पदर घेतात आणि जे सांगायचं ते लेकीला सांगतात. पहिली भाकर माझ्या ताटात, बसायला पाट मला, आणि जावयाची चूक काढायची नाही, हा त्या घरचा नेम. मला तो फार आवडायचा.

त्या दाराच्या आड उभ्या राहिल्या, भिंतीकडे तोंड करून. "पुष्पा, जवाईले विचार, लगनाच्या वरसी दसऱ्याले गाडी कोनं घासली होती."

पुष्पांजली माझ्यापासून दोन हातांवर होती. "ऐकलं न?" ती म्हणाली.

"मी घासली होती," मी म्हणालो. "स्वच्छ केली होती."

"पुष्पा, जवाईले सांग, सोच्छ नाही केली. नंबर नेला."

मला आठवलं. माणसाला अशा गोष्टी एका क्षणात आणि संपूर्ण आठवतात. पहिला दसरा. पूजेसाठी नांगर, विळे, राजदूत, सगळं अंगणात काढलेलं. नोकरीवाला जावई हातानं काम करतो का, हे सारं घर बघत होतं, असं निदान मला वाटत होतं. मी काचकागदाचे सहा तुकडे घेऊन बसलो. हँडलच्या खाली काही खरखरीत ओरखडे लागले. गंज समजून मी ते दुपारच्या जेवणापर्यंत घासले, इतके की त्यात माझा चेहरा दिसू लागला. मग मी सगळ्यांना बोलावून तो दाखवला. सासूबाई आत गेल्या. मामाजी वाकून बघून म्हणाले, "भल्ली मेहनत केली जवाईनं." संध्याकाळी मला शर्टाचं कापड मिळालं. तो शर्ट मी दोन वर्षं घातला.

"मंग पुनारामनं पायलं," मामाजी खाली बघत बोलू लागले. "तो म्हने, कवडू, आकडे गेले. मी म्हनलो, जवाई नवे आहेत, त्याईले बोलू नोको, वाईट वाटंल. तं तो म्हने, बरं. हायेत तेवढे मी राखतो. त्यानंच वरून ग्रीस लावलं, रबराची पट्टी बांदली. दर वरसी बदलत होता."

ती पट्टी मी कापून फेकली होती. सातची वरची आडवी रेघ मी एकोणीस वर्षांपूर्वीच नेली होती, म्हणून त्याचा एक झाला होता. एवढं माझ्या डोक्यात येत असताना सासूबाई भिंतीला म्हणाल्या, "पुष्पा, जवाईले पानी दे." मी पाणी प्यालो. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला एकही शेरा सुचला नाही.

माफी मागायची तर लवकर मागावी म्हणून मी दुसऱ्या दिवशी गेलो, भर दुपारी, जेव्हा रस्त्यावर कुणी नसतं. वेळ मी मुद्दाम निवडली होती, हे लपवत नाही. पुनाराम रिकाम्या दुकानात बसून होता. मी म्हणालो, "माझी चूक झाली. फार मोठी चूक झाली." ऑफिसातली भाषा कुठे गेली कुणास ठाऊक.

तो उठला, फळीवरून बिस्किटांचा एक डबा काढला आणि त्यातून पातळ कागदांची चळत काढली. विडीच्या बंडलावरचे कागद होते, कोऱ्या बाजूनं वापरलेले. दुकानात येणाऱ्या प्रत्येक जुन्या गाडीच्या नंबराची पेन्सिल प्रिंट तो घेऊन ठेवतो, आणि कागदावर तारीख टाकतो. मी विचारलं, कशासाठी. "आकडे मिटत जातेत न जी. उद्या कोनाले लागला तं?" त्यानं दोन कागद माझ्यासमोर ठेवले. एक आमच्या लग्नाच्या वर्षीच्या उन्हाळ्याचा: सगळे आकडे स्वच्छ, शेवटी ठसठशीत सात. दुसरा त्याच वर्षीच्या दिवाळीनंतरचा, ढगाळ. दोन्हींच्या मधला दसरा म्हणजे मी.

"हा आधीचा घेऊन जा. त्या साहेबाले चालंल."

एवढा वेळ हा कागद त्याच्या डब्यात होता. त्या बाजाराच्या दिवशी त्यानं डबा उघडला असता तर मी तिथल्या तिथे गप्प झालो असतो. आणि नंबर मीच घासला हे सगळ्या बाजाराला कळलं असतं. म्हणून त्यानं उघडला नाही. मी म्हणालो, "पुनाराम, मला माफ करा."

"इथं कोनी नाही जी," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "बाजारात बोलले, तं बाजारातच सांगा."

पुढच्या बाजाराला मी कडुनिंबाखाली उभा राहिलो आणि त्या दिवशी होता तेवढाच मोठा आवाज काढून म्हणालो, "ऐका हो. पुनाराम मिस्त्रीनं फ्रेम बदललेली नाही. नंबर मी स्वतः घासला होता." एक म्हैस थांबली. बाकी कुणी थांबलं नाही. चोरी ऐकायला चाळीस माणसं जमली होती. चोरी झालीच नाही, हे ऐकायला कुणाला सवड नव्हती. मग मी एकेका दुकानासमोर जाऊन सांगू लागलो. वांगी विकणाऱ्या बाईला सांगितलं, ती म्हणाली, पाव किलो देऊ का अर्धा. हार्डवेअरवाला म्हणाला, "आम्ही कुठं मानलं होतं जी," आणि तोच आपली स्कूटर दोन बाजार झाले गोंदियाला पाठवत होता. मोपेडवाल्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग जवळ येऊन विचारलं, "मंग चोरली कोनं?" कैलाशजींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "माझा तर आधीपासून संशय तुमच्यावरच होता." तो सरपंचही भेटला. त्यालाही सांगितलं. तो या वेळी खोकला नाही, म्हणाला, "जरा मोठ्यानं सांगा, अस्पष्ट आलं." मी मोठ्यानं सांगितलं. संपूर्ण बाजार फिरून होईपर्यंत माझा घसा बसला होता, आणि मला वाटतं निम्म्या लोकांनी आता मला आणि पुनारामला मिळून चोर ठरवलं होतं. शब्द तोंडातून जितक्या सहज गेला तितक्या सहज परत येत नाही, हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं. पण सांगणार कोण? मी जावई.

शेवटी मामाजींना घरून घेऊन आलो. ते यायला तयार नव्हते. हात धरून आणलं, आणि बाकावर बसवलं, त्यांच्या नेहमीच्या जागी. पुनाराम मी सकाळी आणून लावलेल्या राजदूतच्या मानेवर ग्रीस लावत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"पुनाराम, आता साऱ्याईले सांगतलं जवाईनं," मामाजी म्हणाले.

"सांगतलं. आयकलं मी." तो बोट फिरवत राहिला. "त्याईले तं मालूमच नव्हतं कवडू. तुले मालूम होतं न?"

मामाजींनी मान हलवली.

"मंग तू काऊन नाही बोलला?"

"जवाई आहेत," मामाजी म्हणाले.

"अना मी कोन होतो?"

मी दोघांच्या मध्ये उभा होतो आणि मला तिथून नाहीसं व्हावंसं वाटलं. माझ्या चुकीची माफी मला मागता आली, बाजारभर फिरून का होईना. पण माझा मान राखायला एक म्हातारा माणूस आपल्या चाळीस वर्षांच्या मित्राकडे न बघता चहाच्या ग्लासात बघत राहिला होता, आणि तो मान मी सासरच्या जेवणाच्या ताटावर वर्षानुवर्षं घेत होतो. त्याची माफी कशी मागतात ते मला माहीत नव्हतं. आजही नाही.

टपरीवरचा माणूस तीन ग्लास घेऊन आला. सवयीप्रमाणे त्यानं पहिला माझ्यापुढे केला. मी हात पुढे करायच्या आधीच मामाजींनी तो ग्लास त्याच्या हातातून घेतला. थोडा चहा सांडला. त्यांनी तो पुनारामपुढे धरला.

"पयले तू घे," ते म्हणाले.

पुनारामनं ग्रीसचे हात पँटला पुसले. मग ग्लास घेतला, आणि मामाजींच्या शेजारी बाकावर बसला. दुसरा मामाजींनी घेतला. उरलेला तिसरा ग्लास मी उभ्यानंच प्यालो. चहा कोमट झाला होता.